स्वेटर घातलेलं चाक

आमच्या कॅरव्हॅनच्या, म्हणजे गाडीने ओढायच्या फिरत्या घराच्या, मागे जे जादा चाक टांगलेलं असतं, त्याला मी निघायच्या आधी स्वेटर विणला होता. पिवळे-जांभळे आडवे पट्टे, आणि घट्ट बसावा म्हणून आतून नाडी. रोवनला, माझ्या नवऱ्याला, तो पहिल्या दिवसापासून खुपत होता.

"लोक हॉर्न वाजवतात, ब्रॉनी."

"कौतुकाने वाजवतात."

"ट्रकवाले कौतुकाने हॉर्न वाजवत नाहीत. दहा वर्षं एका जागी राबल्यावर ही तीन महिन्यांची भरपगारी रजा मिळाली आहे मला. ती सर्कसवाला म्हणून नाही घालवायची. पर्थ आलं की हे काढायचं."

मी बरं म्हटलं. आमच्या गावाहून, बॅलरॅटहून, निघून आम्हाला जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि देशाच्या दुसऱ्या टोकाचं पर्थ अजून खूप लांब होतं.

माझं विणकाम एका कांद्याच्या जाळीत असे. दहा किलो कांदे ज्यात येतात, ती लाल जाळी. त्यात लोकर कोंदट होत नाही आणि धागा भोकातून बाहेर घेतला की गुंडा घरंगळत सीटखाली जात नाही. या वेळी आमच्या चार वर्षांच्या लेकीसाठी, विनीसाठी, स्वेटर चालला होता. लोकर मीच कांद्याच्या सालींत रंगवलेली, तांबूस सोनेरी. एक बाही तेवढी उरली होती.

त्याच जाळीत, एका जुन्या मोज्यात, विनीचा श्वासाच्या औषधाचा निळा पंप आणि तोंडाला लावायचं नळकांडं असे. गेल्या हिवाळ्यात दम्याने तिला दोनदा हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. दुसऱ्या खेपेला तिच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाताना मी पाहिली आणि तेव्हापासून घरात कुणी नुसतं खाकरलं तरी मी हातातलं काम टाकून बघते. रोवनचं म्हणणं, औषधाची पेटी असताना पंप मोज्यात कशाला. माझं म्हणणं असं, की पेटी मी विसरू शकते, पाकीट विसरू शकते, विणकाम कधीच विसरत नाही. पंप मुद्दाम तिथे ठेवला होता. पेटीतला दुसरा पंप वाटेतल्या पोर्ट ऑगस्टाच्या धुळीत संपला होता आणि सेडुनाला पोचलो तो रविवार, औषधाचं दुकान बंद.

सोमवारी दुपारी आम्ही राज्याच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्याला आलो. पलीकडे फळं, भाज्या, मध काही नेता येत नाही. त्यामुळे आदल्या संध्याकाळी सगळेच उरलंसुरलं शिजवतात. आमच्याही सूपच्या भांड्यात बटाट्यापासून भोपळ्यापर्यंत सगळं पडलं होतं. सकाळी मी रोवनला सांगितलं होतं, दोन कांदे राहिलेत, नाक्यावर टाकायचे लक्षात ठेव.

नाक्यावर विनीला शी लागली. तिच्या बुटांचे बंद बांधण्यासाठी मी हातातली जाळी कॅरव्हॅनमधल्या ओट्यावर ठेवली, तिला घेऊन गेले, हात धुतले, परत आले. पुढे गाडी चालवायची पाळी माझी होती. मी सरळ स्टिअरिंगवर बसले. रोवन म्हणाला, "झालं सगळं. तपासणीवाली बाई भली होती, फ्रिजसुद्धा नीट बघितला तिने." निघताना मी गाडीतला, इतर गाड्यांशी बोलायचा रेडिओ बंद केला. नलारबोरच्या ओसाड माळावरच्या सरळ रस्त्यावर सगळ्यांचे रेडिओ चाळीस नंबरवर लावलेले असतात आणि ट्रकवाले एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात, ती विनी दोन दिवसांत शिकायला लागली होती.

शंभर किलोमीटर झाले असतील. मागून खोकला आला. लहानसा, कोरडा. मग पुन्हा.

"धूळ असेल," रोवन म्हणाला.

तो खोकला मी ओळखते. पुढे रस्त्याच्या कडेला थांबायची मोकळी जागा आली, तिथे गाडी घेतली, विनीला गाडीतल्या तिच्या खुर्चीतून सोडवून मांडीवर ताठ बसवलं.

"माझी जाळी दे."

रोवन कॅरव्हॅनमध्ये गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याचे हात रिकामे होते.

"कुठली जाळी?"

"विणकामाची, रोवन. लाल. ओट्यावर होती."

त्याने मान खाली घातली. "त्यात कांदे होते ना?"

मला आधी कळलंच नाही. मग ती जाळी त्याच्या नजरेने दिसली. आत तांबूस सोनेरी पाच-सहा गोळे. कुणीही टाकले असते. दोन वर्षं मी त्या रंगासाठी साली जमवत होते आणि रंग इतका हुबेहूब उतरला होता.

"तूच सकाळी म्हणालीस, कांदे टाक म्हणून," तो हळू म्हणाला. "मी फ्रिजमधलं सगळं उचललं आणि वर ती जाळी. बघितलंसुद्धा नाही मी."

त्याला बोलायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी विनीचा सदरा वर केला. बरगड्या अजून आत जात नव्हत्या, पण श्वासाला शिट्टी होती. मी श्वास मोजायला लागले. टाके मोजायची सवय असलेल्या बाईला मोजणं चुकत नाही. मिनिटाला अडतीस. फोनला रेंज नाही. मागे नाका शंभर किलोमीटर, पुढचा पेट्रोल पंप साठ.

"रेडिओ लाव," मी म्हटलं. "कुणाकडे तरी पंप असेल. विचार."

त्याने बटण फिरवलं. आणि त्याने तोंड उघडायच्या आतच एक घोगरा आवाज आला:

"...नाही रे दिसलं. स्वेटर घातलेलं चाक म्हणे. ती म्हातारी तासभर डोकं खातेय सगळ्यांचं."

दुसरा आवाज हसला. "पिवळं-जांभळं? ते मी आत्ताच बघितलं, कडेला उभं आहे. मला वाटलं, मला ऊन लागलंय."

रोवनने बोलायचं बटण दाबलं. "ते आमचं चाक आहे. आम्हीच ते. आमच्या मुलीला दमा आहे आणि तिचा पंप नाक्यावर राहिलाय."

घोगरा आवाज आला, आता कुरकुर नसलेला. "तुझा पंप मर्ल नावाच्या बाईकडे आहे, मित्रा. तीच तर शोधतेय तुम्हाला. तुमच्या मागेच आहे ती, पंधरा-वीस किलोमीटर असेल. आता एक कर, जागचा हलू नकोस. तुम्ही उलटे फिरलात तर चुकामूक होईल. मी तिला कळवतो."

"मी जाऊ का मागे तिला गाठायला?" रोवनने मला विचारलं. गाडी कॅरव्हॅनपासून सोडवायला त्याला दहा मिनिटं लागतात, हे त्यालाही माहीत होतं.

"त्याने सांगितलंय ते कर. इथे बस. विनीला काहीतरी सांग, तिने बोलता कामा नये."

रोवन आमच्यापुढे धुळीत मांडी घालून बसला आणि एका चाकाची गोष्ट सांगू लागला. त्या चाकाला फार थंडी वाजायची. गोष्ट त्याने थांबू दिली नाही. मी मोजत होते. चाळीस. चाळीस. बेचाळीस.

मर्ल आणि तिचा नवरा आले ते धुळीचा लोट घेऊनच. सत्तरीची बाई, पायांत सपाता, हातात आमची लाल जाळी. मोजा तिने आधीच बाहेर काढून ठेवला होता. तिने तो सरळ माझ्या हातात दिला.

चार पंप, दर पंपाला चार श्वास. मग चार मिनिटं थांबायचं. मग पुन्हा चार. दुसऱ्या खेपेनंतर शिट्टी विरळ झाली. तेहतीस. एकोणतीस. विनीने तोंडावरचं नळकांडं बाजूला केलं आणि रोवनला विचारलं, "मग त्या चाकाची थंडी गेली का?"

रोवन उठून कॅरव्हॅनच्या मागे गेला.

"जाळी कचऱ्याच्या अगदी वरच होती," मर्ल थर्मासमधला चहा ओतत म्हणाली. "ती नाक्यावरची पोरगी म्हणाली, कांद्यातून सुई बाहेर आलेली मी बघितली नव्हती कधी. आमचा नंबर तुमच्यामागून तिसरा. मी म्हटलं, आण इकडे, ही कुणातरी विणणारीची आहे, पुढच्या त्या चाकाला स्वेटर घालणारीचीच असणार, जेवणार नाही बिचारी. मग मोज्यात हात घातला आणि यांना म्हटलं, हाणा गाडी."

"ऐंशीच्या वर कधी जात नाही मी," तिचा नवरा म्हणाला. "आज एकशे दहा. चष्मासुद्धा घालू दिला नाही हिने."

"रेडिओवर ओरडून घसा बसला माझा. तुमचा बंद होता वाटतं?"

"मीच बंद केला होता," मी म्हटलं. "ट्रकवाले घाण बोलतात म्हणून."

मर्लने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली नाही, याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी राहीन. तिने जाळीतली बाही बाहेर काढली, उजेडात धरली. "सुई ओढली गेली ना, चार टाके सुटलेत. देऊ का उचलून? तू जरा चहा घे."

ती आमच्या दारातल्या पायरीवर बसून टाके उचलत राहिली. विनी तिच्याशेजारी ओट्सचं बिस्किट खात बसली. मी कॅरव्हॅनच्या मागे गेले. रोवन चाकाच्या स्वेटरची नाडी सोडून, लाल धूळ झटकून, पट्टे सरळ करून ती पुन्हा बांधत होता. डोळे पुसलेले दिसत होते.

"पर्थला काढायचाय ना?" मी म्हटलं.

"गप गं," तो म्हणाला, आणि गाठीवर आणखी एक गाठ मारली.

पुढे त्यानेच गाडी चालवली, रेडिओ चालू ठेवून. पहिल्या गावात तीन पंप घ्यायचे, एक त्याच्या खिशात, एक पेटीत आणि एक मोज्यात, असं ठरलं. मी मागे विनीशेजारी बसले. ती झोपली होती. मी एक हात तिच्या छातीवर ठेवून मोजत होते, चोवीस, चोवीस. मग दोन्ही हातांत सुया घेतल्या, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी आता मोजतेय ते टाके आहेत.