सॅलीच्या हातचा खिमा

“मासली नको नि नुसता बरफ पायजे?” सोनाबाईने सुरमईवरची माशी हाकलत विचारलं. “चार दिस झाले बघतंय. नागावकर, बरफाची आमटी करता का काय तुमी?”

“फ्रिजला पाहिजे,” नागावकर म्हणाले.

“फ्रिजला बरफ? मंग फ्रिज कशाला घेतलाव?”

या प्रश्नाला पनवेलमध्ये त्या उन्हाळ्यात कुणाकडेच उत्तर नव्हतं. वीज सकाळी जायची, दुपारी तोंड दाखवायची आणि पुन्हा जायची. सोनाबाईने उरणहून आणलेल्या लादीचा एक मोठा तुकडा फोडून पिशवीत घातला. तो घेऊन नागावकर रिक्षात बसले आणि खांदा कॉलनी येईपर्यंत शेजारच्या बाईच्या साडीवर पाणी ठिबकवल्याबद्दल बोलणी खात राहिले.

घरी येऊन त्यांनी फ्रीझर उघडला. आत आइस्क्रीमचा जुना डबा होता, आणि डब्यात त्यांच्या बायकोने, सॅलीने, शिजवलेला खिमा.

सॅलीचा क्रम ठरलेला असे. धर्माप्रमाणे कापलेलं मटण मुंबईहून यायचं. गुरुवारी खिमा शिजवायचा, शुक्रवारी करंज्या भरायच्या आणि सूर्य मावळून शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा वार, लागण्याआधी तळून मोकळं व्हायचं. होळीच्या आसपासच्या एका गुरुवारी खिमा शिजला आणि संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. रिक्षात बसताना ती म्हणाली, “एझरा, तो डबा आत टाक, खराब होईल.” त्यानंतर ती काही बोललीच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको नवऱ्याला जाताना काय सांगते, तर हे.

नागावकरांनी डबा आत टाकला, तो तसाच होता. इस्रायलहून मुलगा एरियल आला, सात दिवस सुतकात बसला, परत गेला. जाताना आईचा चष्मा आणि प्रार्थनेचं पुस्तक घेऊन गेला. नागावकरांनी हसत दिलं. चष्मा, साड्या, चपला या तिच्या वस्तू होत्या. डब्यातला खिमा मात्र तिने त्यांच्यासाठी केलेला होता आणि त्यात वाटणी नव्हती.

आज झाकणावर बोट दाबलं तर आत मऊ लागलं. बर्फ हरला होता. आज खाल्लं नाही तर उद्या फेकावं लागणार, हे त्यांना कळलं आणि ते मैद्याची पिशवी घेऊन ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढलेला माणूस, पण स्वतःच्या घरात परात कुठे असते ते त्याला ठाऊक नव्हतं.

समोरच्या दाराची आशालता कपडे वाळत घालायला निघाली होती. मूळची बेलपाड्याची, जीभ तिखट आणि पाय सतत दुसऱ्याच्या मदतीला धावणारे. तिने उघड्या दारातून हा देखावा पाहिला आणि बादली तिथेच ठेवली.

“काका, सरा बाजूला. पीठ मी मळून आनतंय माझ्या घरशी. तुमी करंज्या करनार म्हंजे जेवायला दिवाली उजाडंल.”

“बरं. पण त्यात दूध-दही काही नको हं. मटणाबरोबर आमच्यात चालत नाही.”

“ठावं हाय. काकीनी मना धा येला सांगलंय. पिठात दूध कोन घालतंय?”

दुपारी ती ओल्या फडक्याखाली पिठाचा गोळा घेऊन आली. पंखा बंद, खिडकीतून झळा येत होत्या, आणि दोघं जमिनीवर कागद पसरून बसले. नागावकरांनी डबा उघडला. पुदिना, आलं आणि त्यामागून जराशी दालचिनी. त्यांचे डोळे भरून आले, पण चष्मा पुसायचं निमित्त हाताशी होतं. चमचाभर तसाच तोंडात टाकावा असं फार वाटलं. सॅली अशा वेळी हातावर झारा मारायची. करंजीत भरून, गरम तेलातून काढून, नीट पानात घेऊनच खायचं असं त्यांनी ठरवलं.

लाटायचं काम त्यांनी मागून घेतलं. त्यांच्या पुऱ्या बघून आशालता म्हणाली, “काका, ह्यो रायगड जिल्हा हाय का?” ते कितीतरी आठवड्यांनी मोठ्याने हसले. ती भरत गेली, कडांना मुरड घालत गेली. शेवटी डब्याच्या कोपऱ्यांत राहिलेला कण न् कण त्यांनी पिठाच्या लाटीने पुसून घेतला आणि तीही भरायला दिली. वाया काही जाऊ द्यायचं नव्हतं.

तळण सुरू झालं. पहिला घाणा फुगून वर आला, पापुद्रे सुटले. नागावकर पान मांडत होते.

“कशा खुसखुशीत झाल्यात बगा,” आशालता झारा हलवत म्हणाली. “मोहन सढल हातान घातलंय. साजूक तूप, माझ्या आयशीन दिलेला.”

नागावकरांचा हात पानावरच थांबला.

मोहन म्हणजे पीठ मळताना त्यात ओतायचं कडकडीत तेल किंवा तूप. सॅली तेल ओतायची. का ओतायची ते सांगायची तिला कधी गरज पडली नाही आणि विचारायचं यांना कधी सुचलं नाही. त्यांनी दूध-दही म्हटलं होतं. आशालताने दूध-दही घातलं नव्हतं. तूप हे दुधाचंच लेकरू, पण शेजारणीला ते कसं सुचावं, जे नवऱ्याला सुचलं नाही.

ते स्वतः काही मोठे धर्मात्मे नव्हते. नोकरीत असताना बाजारातल्या हॉटेलात लोणी लावलेल्या पावाबरोबर खिमा खाऊन, मिशा पुसून घरी यायचे. सॅलीला वास यायचाच. ती एकदाच म्हणाली होती, “बाहेर काय खातोस ते तू आणि देव बघून घ्या. माझ्या ओट्यावर नाही.” एकदा मटणात दुधाचा शिंतोडा उडाला, तर तिने अख्खं पातेलं समोर आशालताकडे नेऊन दिलं होतं.

कढईत शेवटचा घाणा चालू होता. ओटा सॅलीचाच होता.

आशालता पिंप उघडून पाणी घेत होती. नागावकरांनी एक करंजी उचलली. बोटं भाजली तरी सोडली नाही. खाल्ली असती तर कुणाला कळलं असतं? सॅलीला कळलं असतं, एवढंच. आणि ती तर आता नव्हती. पण ती नाही हे आपणच तिच्या ओट्यावर उभं राहून कबूल करायचं, हे त्यांना जमेना. त्यांनी करंजी परत ताटात ठेवली.

“आशा, महादेव घरी आहे ना? बोलाव त्याला. इथेच बसा खायला.”

“आदी तुमी खा. तुमच्यासाठी त केल्यात.”

“आज माझा उपास आहे. मी विसरलोच होतो बघ.”

“कंचा उपास? काकीचा?”

“हो. तिचाच.”

उपास म्हटल्यावर आशालताला पुढे काही विचारायचं नव्हतं. तुपाची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. आईकडचं तूप तिने उगाच काढलं नसणार, आणि सांगितलं असतं तर ती जन्मभर ते मनाला लावून घेत बसली असती.

आशालताचा नवरा महादेव बंदरावर कंटेनर चालवायचा. रात्रपाळी करून झोपला होता, तो बनियनवरच येऊन बसला. पहिली करंजी त्याने दोन घासांत संपवली. नागावकर समोर खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

“पुदिना लागतो का रे?”

“लागतंय त. भारी लागतंय.”

“आणि तिखट?”

महादेव चावता चावता थांबला. “पयले नाय कलत. मंग मागशी येतंय, घशाशी.”

“बरोबर,” नागावकर म्हणाले. “ते मागूनच यायचं.”

तो आणखी खात राहिला, ते आणखी विचारत राहिले. आलं कच्चं नाही ना लागत? खोबरं जाणवतं का? मीठ? महादेवला कुणी जेवणाबद्दल एवढं विचारलेलं नव्हतं. तो हळूहळू मन लावून खाऊ लागला, सांगू लागला. ताट रिकामं होत गेलं. शेवटी एक करंजी उरली, वेड्यावाकड्या आकाराची, डबा पुसलेल्या लाटीची.

“ही ठेवा, काका,” आशालता म्हणाली. “उद्या उपास सोडाल त खा.”

“गार झाल्यावर त्यात काही राहत नाही. तू खा.”

“मना नको, माझा प्वॉट भरलाय.”

“खा गं. माझ्यासाठी खा.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि करंजी उचलली. नागावकर खुर्चीत पुढे सरकले.

“सावकाश खा,” ते म्हणाले. “आणि मला सांग.”