पराभव मावेल एवढी जागा

आमच्या गावाचा पराभव राजवाड्याच्या भिंतीवर कोरून होत आला होता. लढाई अजून झाली नव्हती. मी गावाचा प्रमुख. अश्शूरच्या राजानं मला बोलावून घेतलं, कारण दगडात त्याच्यासमोरची माझी जागा रिकामी होती.

शिल्पकाराचं नाव नूरेया. भुवयांवर पांढरी पूड साचलेला म्हातारा. त्यानं मला भिंत दाखवली. आमची नदी होती, नदीत मासे होते. गावाच्या तटाला शिड्या लागल्या होत्या, पण त्यांच्यावर अजून माणसं नव्हती. खजुराची झाडं आडवी पडली होती.

"ही झाडं उभी आहेत," मी म्हणालो. "सकाळी त्यांच्याच सावलीतून निघालो."

"मी ती सकाळनंतर पाडली," नूरेया म्हणाला. "बातमी यायला वेळ लागतो."

दुपारी बातमी आली. सांगायला आमच्याच गावचा कुंभार आला होता. झाडं पडली, कुऱ्हाड कोणी चालवली नाही, खोडांवर घाव मात्र होते. एवढं सांगून तो भिंतीपाशी गेला आणि कैद्यांच्या रांगेत उभा राहिला. तिथं त्याचा चेहरा आधीच कोरलेला होता.

शिड्यांवर माणसं चढवणं थांबवता येईल का, असं मी नूरेयाला विचारलं.

"राजाला पराभव हवा," तो म्हणाला. "तो कुठंतरी मावला पाहिजे. तुमच्यात मावला, तर मी तटाला हात लावणार नाही."

मी मान झुकवली. त्यानं मागं सरून पाहिलं.

"एवढ्यात नाही मावत."

मी कमरेतून वाकलो. मग गुडघे टेकले. शेवटी कपाळ जमिनीला लावलं. हातोडा सुरू झाला. पाठीचा जेवढा भाग भिंतीवर कोरून होई, तेवढा मला इथं सरळ करता येत नसे. हे अवघड जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. पाठीला ते आधीपासूनच येत असावं.

"इतका छान वाकलेला माणूस मी आजवर कोरला नव्हता," नूरेया म्हणाला, आणि मला आनंद झाला. तो आनंद कुणाला दिसू नये म्हणून मी तोंड फरशीवर आणखी दाबलं.

मग माझी बायको अहाती आली. भिंतीवर बायकांनी भरलेली एक बैलगाडी होती, तिच्यातून ती उतरली. मला तिची पावलं आणि वस्त्राची धुळकट किनार तेवढी दिसत होती.

"गाडी दारात उभी होती," ती म्हणाली. "बसले."

"गाव कसं आहे?"

"शिड्या लागल्यात. चढत कुणी नाही."

"ते माझ्यामुळं."

फरशीला टेकलेल्या तोंडातून शब्द नीट उमटले नाहीत.

"काय म्हणालात?"

मी पुन्हा म्हणालो नाही. पावलं तिथंच थांबून राहिली.

"उठा ना," ती हळूच म्हणाली. "पोरगी विचारेल, बाबा कसे होते. काय सांगू तिला?"

तेवढ्यात दालन लांबायला लागलं. राजा येणार होता आणि त्याला चालायला अंतर लागतं. खांब एकमेकांपासून दूर सरकले. मग त्याची पावलं आली, एकापुढं एक, दोन्ही एकाच दिशेला वळलेली, भिंतीवर कोरल्यासारखी. दुसरी बाजू त्याला नव्हतीच. मागून छत्रधाऱ्याची पावलं होती.

"हा कोण?" राजानं विचारलं. "चेहरा दिसत नाही."

"त्या गावचा प्रमुख, महाराज," नूरेया म्हणाला.

"ओळखू येत नसेल तर पराभव कसला? हिला विचारा."

छत्रधाऱ्यानं अहातीला विचारलं, "हा तुझा नवरा का?"

गाव वाचायचं तर तिनं हो म्हणायला हवं होतं. तरी तिनं नाही म्हणावं, असंच मला वाटत होतं.

"नाही," अहाती म्हणाली. "माझा नवरा उभा असतो."

"मग त्याला आणा," राजा म्हणाला.

सैनिक निघाले. तो मीच, असं मला ओरडायचं होतं. पण एव्हाना माझं तोंड कोरून झालं होतं, आणि नूरेयानं ते मिटलेलं कोरलं होतं.

"म्हणजे यात काहीच मावलं नाही," नूरेया स्वतःशी म्हणाला. तो शिड्यांकडं वळला आणि पहिल्या पायरीवर त्यानं एक पाऊल कोरायला घेतलं. माझ्या पाठीवर आता कुणाचं काम नव्हतं, म्हणून लेखनिक आला आणि राजाच्या बिरुदांची ओळ माझ्या बरगड्यांवरून आडवी कोरत नेऊ लागला. "मी थोर राजा, चारी दिशांचा राजा." मला दुखत नव्हतं. अहाती वाचत असेल, एवढंच मनात येत होतं.

सैनिक एका माणसाला घेऊन आले. तो चालत होता, त्याला कुणी ओढत नव्हतं. मला त्याचे पाय दिसले. डाव्या पायाची करंगळी मुडपलेली होती, टाचेला भेग होती. ते माझे पाय होते.

नूरेयाचा हात थांबला.

"हाच," अहाती म्हणाली.

"वाक," राजा म्हणाला.

पाय हलले नाहीत. गुडघे ताठ राहिले. त्याला उभं करायला भिंतीवर कुठंच जागा उरली नव्हती, खाली नदीत मासे होते आणि वर शिड्या. नूरेयानं सगळी भिंत पाहिली आणि मग माझ्याकडं बोट केलं.

त्या माणसानं माझ्या पाठीवर, ताज्या कोरलेल्या अक्षरांवर, आधी एक पाय ठेवला. अहातीनं त्याला वर चढायला हात दिला.