चांगले जंतू

तिने कोंबड्यांच्या शेडचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. एरवी दार करकरलं की पिल्लं पायांत यायची. आज ती कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, पंख पाडून बसली होती आणि खालचं तूस ओलं झालं होतं. मेलेली दोन तिने गोणपाटाखाली सरकवली, नवऱ्याला दिसू नयेत म्हणून. पण मरतूक कधी लपते का? त्याने तिचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "आजपण?"

बाईला स्वच्छतेचं भारी वेड. जाऊ तिला 'चकाचक' म्हणायची, आणि तेही काही कौतुकाने नव्हे. या खेपेला मात्र तिचा हट्ट साफसफाईचा नव्हता. मध्यंतरी सासूबाईंना ताप भरला. दवाखान्यात औषधामागून औषध बदललं तरी तो उतरेना. जंतू औषधांना सरावलेत, असं डॉक्टर म्हणाले. म्हातारी वाचली, पण अर्धी होऊन घरी आली. त्यानंतर पिल्लांच्या खाद्यात मिसळायच्या औषधाचा डबा हिने हातात घेतला, तर त्यावरचं नाव दवाखान्यातल्याच एका औषधाचं! आजार असो नसो, पिल्लांना रोज तेच चारायचं. तिने डबा माळ्यावर टाकला आणि पिल्लांच्या डॉक्टरीणबाईंकडून प्रोबायोटिक आणलं, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जंतूंची भुकटी. पाण्यात कालवायची आणि खाद्यावर शिंपडायची. पिल्लांचा एक लॉट तुझ्या मनासारखा होऊ दे, नवरा म्हणाला होता, पण फसला तर पुन्हा नाव काढायचं नाही.

आता तो लॉट डोळ्यांदेखत फसत होता. तिला काही सुचेना. आणि काही सुचेना की ती जे करायची तेच तिने केलं, घासायला घेतलं. पाण्याची भांडी घासली, टाकी घासली, टाकीत ब्लीचिंग पावडर दुप्पट टाकली आणि त्याच पाण्यात भुकटी कालवली. दुपारपर्यंत आणखी पिल्लं आडवी झाली. नवऱ्याने शिडी लावली आणि माळ्यावरून डबा खाली काढला. चार शब्द बोलला असता तरी परवडलं असतं. तिला रडूच फुटलं.

फोन केला तशा संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. मेलेलं पिल्लू चिरून पाहिलं, भुकटीची तारीख पाहिली. ती ठीक होती. मग टाकीचं झाकण उचललं आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"भुकटी याच पाण्यात कालवता?"

"हो ताई. एकदम स्वच्छ पाणी आहे. रोज ब्लीचिंग टाकते."

"अहो, ते जिवंत जंतू आहेत. ब्लीचिंगला काय कळतंय, आपले कोण नि परके कोण? सगळेच मेले. यांच्या पोटात काही गेलंच नाही."

आपणच आधी सांगायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या, पण ते हिच्या कानात शिरलं नाही. म्हणजे इतके दिवस, जीव तोडून, हिनेच ते चांगले जंतू मारले होते. आजारी पिल्लांना आता औषध द्यावंच लागेल, हट्ट करू नका, असं बजावून आणि प्रमाण सांगून डॉक्टरीणबाई गेल्या. आजाराला औषध द्यायला हिची तरी कुठे ना होती?

औषध तिने स्वतः मोजलं, स्वतः मिसळलं, कुणाला हात लावू दिला नाही. मग नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुमचं खरं झालं," ती म्हणाली. "ब्लीचिंगच्या पाण्यात भुकटी कालवून मीच मारली पिल्लं. पुन्हा नाव काढणार नाही."

त्याने टाकीचं झाकण उचलून आत पाहिलं.

"पाणी उकळून गार केलं तर चालेल का त्या भुकटीला?" तो म्हणाला. "विचारलंस त्यांना?"

तिने मान हलवली. विचारलं नव्हतं.

"मग उद्या विचार. पुढचा लॉट यायच्या आत," असं म्हणून तो मेलेली पिल्लं गोळा करायला खाली वाकला.