चार खुणांचा प्रोजेक्टर

आमच्या विद्याशाखेतील पाच विभागांना पुढील वर्षी कोणती यंत्रे घ्यावयाची, याचा आराखडा दर वर्षी मी तयार करतो. मी विद्याशाखेचा तंत्र-अधीक्षक. माझे शिक्षण तंत्रनिकेतनातले. जे मोजले नाही ते लिहू नये, ही तिथली शिकवण चौतीस वर्षे अंगात मुरलेली. आराखड्याचा तक्ताही मीच आखला आणि त्यात एक रकाना आवर्जून घातला: ‘बंद यंत्र प्रत्यक्ष पाहिले’. त्या रकान्यात माझी सही नसेल, तर मागणीला निधी मिळत नाही. या रकान्याचा मला अभिमान होता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे घडले त्यात चूक कोणाची, हे वाचकाला शोधत बसावे लागणार नाही.

यंदाची पाहणी मी सोमवारी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेपासून सुरू केली. तेथील सहायक बाईंना सगळे चिमटाबाई म्हणतात, कारण त्यांच्या खिशात सदैव एक टोकदार चिमटा असतो. त्यांच्या ताब्यात चोवीस सूक्ष्मदर्शक आहेत. सगळे एकोणीस वर्षांचे.

“बंद किती?” मी विचारले.

“एकही नाही, साहेब.”

“एखादा अडकणारा, हलणारा?”

“तिसऱ्या टेबलावरचा जरा रुसतो. पण समजूत काढली की ऐकतो.”

मी रकान्यात शून्य लिहिले. गेली अकरा वर्षे या प्रयोगशाळेपुढे मी शून्यच लिहीत आलो होतो आणि अकरा वर्षे तिला काहीही मिळाले नव्हते. यंदा मात्र गोष्ट निराळी होती. विद्यार्थी वाढले होते आणि आणखी आठ सूक्ष्मदर्शकांशिवाय त्यांचे प्रात्यक्षिक घेणे शक्य नव्हते.

“बाई, या शून्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे की. प्रात्यक्षिक बंद. मुलांना पडद्यावर चित्रफीत दाखवायची आणि मला भांडारात पाठवायचं. खडूची खोकी, खराटे आणि मी.” त्या हसत होत्या, पण हात तिसऱ्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकावरून उगाचच फिरत होता.

मी घसा साफ केला. “समजा, आठ-दहा दिवस तुम्ही यंत्रांना हातच लावला नाही...”

“साहेब, तुम्ही मला यंत्रं बिघडू द्यायला सांगताय?”

“मी काही सांगत नाही. फक्त समजा म्हणालो.”

“मग समजा, मी ऐकलं नाही.”

असे म्हणून त्यांनी कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. झिजलेले दाते, तुटक्या स्प्रिंगा आणि आटे गेलेले स्क्रू त्यात कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवले होते. प्रत्येक पुडीवर तारीख आणि टेबलाचा क्रमांक. बदललेला एकही भाग त्यांनी टाकला नव्हता. मी पुड्या मोजल्या. एकशे अठ्ठावन्न भरल्या. पण माझ्या तक्त्यात पुड्यांसाठी रकाना नव्हता.

मंगळवारी भौतिकशास्त्र विभागात गेलो. विभागप्रमुखांनी टेबलावरच्या प्रोजेक्टरकडे बोट दाखवले. “गेला बिचारा. नवाच घ्यावा लागेल.” मी कळ दाबली, काही झाले नाही. उलटा करून पाहिला, तर खाली ‘निकामी’ अशी चिठ्ठी आणि तिच्यावर सहा वर्षांपूर्वीची माझीच सही. आता शंकेला जागा नव्हती. एकच वस्तू दोनदा मोजली जाऊ नये म्हणून पाहिलेल्या यंत्राच्या तळाशी मी पेन्सिलीने बारीक खूण करतो. तशी केली आणि रकान्यात सही केली.

दुपारी सांख्यिकी विभागात गेलो. तिथेही टेबलावर एक बंद प्रोजेक्टर होता. “दहा वर्षांचा सोबती आमचा,” तेथील प्रमुख भरल्या आवाजात म्हणाले. मी सोबत्याला उलटे केले. तळाशी माझी चिठ्ठी, आणि शेजारी माझीच पेन्सिलीची खूण. मी तिच्याशेजारी दुसरी केली.

बुधवारी सकाळी भूगोल विभागात त्याचे तिसरे दर्शन घडले. “काल भर वर्गात, डोळ्यांदेखत गेला,” भूगोलाच्या बाई म्हणाल्या. तोवर मी या प्रवासात रंगून गेलो होतो. तिसरी खूण करून तडक रसायनशास्त्र विभाग गाठला. तिथे टेबल रिकामे होते.

“बसा हो अधीक्षक, घाई काय आहे? चहा घ्या,” रसायनशास्त्राचे प्रमुख म्हणाले. मी चहा घेतला. त्यांनी दुसरा मागवला, तोही घेतला. हवापाण्याच्या गप्पा संपत आल्या, तेव्हा बाहेर ढकलगाडीचे चाक कुरकुरले आणि घामाघूम झालेला शिपाई आमचा ओळखीचा प्रोजेक्टर घेऊन आत आला.

“किती जिने झाले?” मी त्याला विचारले.

“दोन दिवसांत सात, साहेब,” तो दम खात म्हणाला. “चालू असता तर कुणी जागचा हलवला नसता.”

प्रमुख खिडकीबाहेर पाहू लागले. मी चौथी खूण केली.

घरी हा सगळा किस्सा मी सौभाग्यवतींना रंगवून सांगितला. त्या हसतील असे वाटले होते. त्यांनी ओट्यावरच्या मिक्सरकडे पाहिले.

“अहो, त्यात त्यांचं काय चुकलं? या घरातही तोच कायदा आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आदळआपट करून तीन मिक्सर फोडले आणि तीन नवे घेतले. मी जपून वापरते, म्हणून सोळा वर्षं हाच. मी विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं: चालू आहे ना?”

मी जेवणाच्या ताटावरून उठलो तो थेट तक्ता घेऊन बसलो. माझा अभिमानाचा रकाना आता मला वेगळाच दिसू लागला. यंत्र मारणाऱ्याला त्यात बक्षीस होते आणि जगवणाऱ्याला शून्य.

शुक्रवारी अधिष्ठाता मॅडमच्या दालनात निधीवाटपाची बैठक भरली. प्रोजेक्टर मी आधीच मागवून टेबलावर ठेवला होता. चिमटाबाईंना डब्यासह बोलावले होते. त्या कोपऱ्यात खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या.

“चार विभागांनी नव्या प्रोजेक्टरची मागणी केली आहे,” मी सुरुवात केली. “चारही बंद प्रोजेक्टर मी प्रत्यक्ष पाहिले. चारही आपल्यासमोर आहेत.” मी तो उलटा करून खुणा दाखवल्या.

मॅडमनी चष्मा लावून पाहिले. “म्हणजे एका यंत्रावर चार मागण्या?”

“होय. आकड्याबद्दल शंका असल्यास सांख्यिकी विभागाने पडताळून पाहावा.”

सांख्यिकीच्या प्रमुखांनी छताचे बारकाईने निरीक्षण केले. भूगोलाच्या बाईंनी पदराआड हसू दाबले.

“दोष त्यांचा नाही,” मी पुढे म्हणालो. “बंद यंत्र दाखवल्याशिवाय नवे नाही, हा नियम माझा. ज्यांच्याकडे बंद यंत्र नव्हते त्यांनी उसने आणले. एकाच प्रयोगशाळेने उसने आणले नाही आणि बिघडूही दिले नाही. आता तीच बंद होणार आहे.” मी डबा उघडून पुड्या मॅडमपुढे ओतल्या. त्या एकेक उचलून तारखा वाचू लागल्या. टेबल नऊ. टेबल तीन. पुन्हा टेबल तीन.

तेवढ्यात मागे खट् असा आवाज झाला आणि भौतिकशास्त्राच्या प्रमुखांचा पांढरा सदरा प्रकाशाने उजळून निघाला.

सगळे वळले. चिमटाबाई हातात चिमटा घेऊन प्रोजेक्टरवर वाकल्या होत्या. “माफ करा,” त्या संकोचून म्हणाल्या, “नुसतं बसवेना. दिव्याच्या झाकणाखाली एक बारीक पट्टी असते. झाकणानं ती दाबली गेली, तरच दिवा लागतो. ती वाकली होती. सरळ केली.”

मॅडमनी तळाची चिठ्ठी वाचली. “याला निकामी कोणी ठरवलं?”

“मी.”

“उघडून पाहिला होता?”

“नाही.”

चौतीस वर्षांत इतके लहान उत्तर मी कधी दिले नव्हते. भूगोलाच्या बाईंना हसू आवरेना, आणि त्या हसल्या तशी सगळी बैठक हसू लागली, मीही.

“चार मागण्या रद्द,” डोळे पुसत मॅडम म्हणाल्या. “त्या निधीतून वनस्पतिशास्त्राला आठ सूक्ष्मदर्शक. प्रात्यक्षिक चालू राहील, आणि बाई आहेत तिथेच राहतील. तुमच्या त्या रकान्याचं काय?”

“नवा आखून आणला आहे,” मी तक्ता पुढे सरकवला. रकान्याचे शीर्षक होते: ‘हे यंत्र कोणी, काय करून चालू ठेवले’.

“आणि हा प्रोजेक्टर नक्की कोणाचा?”

“आमचा,” चौघेही एकदम म्हणाले. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने ढकलगाडी हळूच भिंतीआड ओढून घेतली.

सूक्ष्मदर्शक दोन महिन्यांनी आले. दरम्यान आमच्या घरीही नवा मिक्सर आला. जुना मात्र अजून ओट्यावरच आहे, कारण तो चालू आहे. नव्या यंत्रांची नोंद करण्यासाठी मी प्रयोगशाळेत गेलो. बत्तीस टेबले मांडलेली होती आणि पहिल्या तुकडीची मुले दाराशी थांबली होती. आत चिमटाबाई एका कोऱ्या सूक्ष्मदर्शकाचा तळ उघडून बसल्या होत्या.

“बाई, एकदा उघडला की कंपनीची हमी संपते. तसं स्पष्ट लिहिलं आहे.”

त्यांनी मान वर केली नाही. चिमट्याने आतली एक बारीक स्प्रिंग नीट बसवत म्हणाल्या, “समजा साहेब, मी ऐकलं नाही.”

मी नव्या रकान्यात त्यांचे नाव लिहिले आणि मुलांसाठी दार उघडले.