उलटा राजा

"अहो, तुमचा राजा शीर्षासन करत होता की!" चांदीकाम करणारे दादा खूश होऊन म्हणाले. "कुठल्या शहाण्यानं कडी लावली होती कोण जाणे. मी सरळ करून टाकला."

मी फक्त कडी बदलायला दिली होती. सासूबाईंच्या गळ्यातलं हे चांदीचं नाणं सात-आठशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा राजाचं, वर त्याचा चेहरा कोरलेलं. त्यांना ते त्यांच्या सासूनं दिलं होतं. आता त्यांना दिसत नाही, दिवसभर ते चाचपत बसतात. तोच त्यांचा विरंगुळा.

घरी आल्यावर त्यांनी नाणं उचलून अंगठा फिरवला आणि चेहराच उतरला.

"हे माझं नाही गं. कुणाचं आणलंस?"

मी सगळं सांगितलं. त्या चिडल्या.

"शहाणा तोच! अगं, मी जन्मभर नर्स. आम्ही छातीवर घड्याळ उलटंच लावायचो, उचललं की आपल्याला सरळ दिसावं म्हणून. हेही तसंच. लोकांना दाखवायला नव्हे, घालणारीला बघायला. चल, मला घेऊन चल."

दुकानात दादा ओशाळले. "आजी, कागदासारखं पातळ झालंय हो. पुन्हा आच दिली तर वितळायचं."

मी घाईघाईनं म्हणाले, "राहू द्या ना आई, असंच घाला."

"गेलं तर गेलं. पण परकं गळ्यात नको. कडी पहिल्यासारखी लावा तुम्ही."

दादांनी ज्योत बारीक केली. नाणं लाल होऊ लागलं, कड थरथरल्यासारखी वाटली. मी डोळे गच्च मिटले. चुर्रर्र आवाज आला, तेव्हा ते पाण्यात होतं आणि शाबूत होतं.

दादांनी मला भिंग दिलं. मुकुट होता, कान होता. गालाच्या जागी मात्र गुळगुळीत खळगा. "हे बाजारात झिजलेलं नाही, ताई," ते हळूच म्हणाले. "बोटांनी झिजलंय."

बाप रे! किती जणी असतील? कुणाकुणाची वाट बघत, कसल्या कसल्या काळजीत त्यांनी हा गाल चोळला असेल?

सासूबाईंनी नाणं हातात घेतलं. अंगठा आपसूक खळग्यात बसला. "हं," एवढंच म्हणाल्या. मग चाचपडत त्यांनी माझा हात धरला, माझा अंगठा ओढून तिथे टेकवला आणि आपला काढून घेतला.

नाणं अजून कोमट होतं.