खताला वास काहून येतो

कुसुमबाईंनी शेजारच्या मागच्या अंगणातल्या ड्रमचं झाकण उचललं आणि पदर नाकाला लावला. गेल्या आठवड्यापर्यंत ज्या खताला मातीचा वास होता, त्यातून आंबूस घाण उसळली.

"आता तुम्हीच पहा ताई, वास काहून येऊन राहिला," शेजारच्या विभावरी म्हणाल्या. "यंदा फुलकोबी लावायची आहे मला."

"शिजवलेलं, तळलेलं काही टाकलं का, वहिनी?"

"छे हो! साली अन् सुका पाला, बस."

कांचघर वस्तीतल्या त्या गल्लीत दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. विभावरींना खत करायला कुसुमबाईंनीच शिकवलं. ड्रमला भोकं पाडून दिली, विरजण म्हणून आपलं पाटीभर खत दिलं. त्यासाठी विभावरींच्या मागच्या अंगणाचं दार कुसुमबाईंना कायम उघडं असे. चहा मिळे तो मागच्या पायरीवर, त्यांच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपात. पुढच्या खोलीत सहा वर्षांत एकदाही बोलावणं नव्हतं. कुसुमबाई बौद्ध घरातल्या. त्याचं कारण कुणी बोलून दाखवलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

यंदा मात्र धम्मचक्र प्रवर्तन दिनाला त्यांनी हट्टाने अकरा करंज्यांचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून, आत साखर घालून परत आला.

"आमच्या पोरानी, आलोकनी, तर चार खाल्ल्या," विभावरी हसून म्हणाल्या होत्या.

कुसुमबाईंनी ते नवऱ्याला, देवीदासला, तीनदा सांगितलं होतं.

त्यांनी खुरपं खोल घातलं. पहिली करंजी वर आली. बुरशीने हिरवी झाली होती, पण कडेची मुरड शाबूत होती. ती मुरड त्यांच्या आईची. गल्लीत दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती.

तळपायाची आग मस्तकात गेली. खुरपं भिंतीवर भिरकावून द्यावंसं वाटलं. चार खाल्ल्या म्हणे! आणि आपण मूर्खासारखं तीनदा सांगत सुटलो. त्या तीनदा सांगण्याचा राग सगळ्यात जास्त होता.

"राहू द्या ना ताई," विभावरींचा आवाज उतरला. "कामवाली करेल."

"थांबा."

त्या उकरत राहिल्या. सापडेल ती करंजी मागच्या पायरीवर, त्यांचा कप ठेवला जाई तिथे, ओळीने मांडत गेल्या. नऊ. दहा. अकरा.

"आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या, म्हणून..."

कुसुमबाईंनी खुरपं बाजूला ठेवलं. ड्रममध्ये सुका पाला घातला, खालीवर केला, झाकण नीट बसवलं. कामात त्यांनी कसर ठेवली नाही.

"पुढच्या खेपेला सरळ नाही म्हणा, वहिनी. तळलेलं टाकलं की खत सडते."

मग खुरपं उचलून त्या पायरी चढल्या. मातीच्या पायांनी स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत गेल्या, आणि पुढचं दार उघडून रस्त्यावर उतरल्या.