बाबांची चारशे बारा बटणे

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी तुटली आहे, त्यामुळे झाकण उघडले की ते मागे पडते आणि त्याला बिस्किटांच्या डब्याचा टेकू द्यावा लागतो. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकली आहे. वायर जरा निसटली की मी जागच्या जागी बंद पडतो. 'ळ' हे अक्षर तर दोनदा दाबल्याशिवाय उमटतच नाही. तरीही मित्रांनो, मी भंगारात गेलेलो नाही. हॉलमधल्या टेबलावर, खिडकीजवळ माझी जागा आहे. ती मला कशी मिळाली, ते सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेली माणसे माझ्यात एकेक भाग बसवत होती. शेवटी एका बाईने माझे बटण दाबले, पडदा उजळलेला पाहिला आणि ती पुढच्या लॅपटॉपकडे वळली. तेवढेच माझे कौतुक. पुढे दुकानातून मला या घरातल्या थोरल्या मुलीने आणले. ती नुकतीच मोबाइलची ॲप बनवण्याच्या नोकरीला लागली होती आणि माझ्यावरच तिने ते काम पक्के शिकून घेतले. घरात तिचे आईबाबा होते आणि धाकटा भाऊ होता.

बाबा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारत. बाजारात त्यांना सगळे 'कर्णा' म्हणत, कारण कर्ण्याची गरजच पडू नये असा त्यांचा आवाज होता. ते घरी जिना चढू लागले की आम्हाला तिसऱ्या मजल्यावर कळायचे.

मी घरात आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनला अकरा दिवस होते.

त्या संध्याकाळी सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. थोरलीने मला पुढे ओढले आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला रोज लागतात ती वाक्यं बोला. मी ती फोनमध्ये एकेका बटणावर बसवते. बटण दाबलं की तुमचाच आवाज येईल."

"मी काय पोपट आहे?" बाबा म्हणाले.

"पोपट असता तर काम सोपं होतं. त्याला दहाच वाक्यं लागतात."

बाबा हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून बोलायला बसले. 'हो', 'नाही', 'थांब', 'पाणी दे', 'मी ऐकतोय, तू बोल'. मग बाजारातली वाक्ये आली. 'माल उचलू नको', 'वजन पुन्हा कर', 'बोली संपली'. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यात 'तुझंच बरोबर आहे' हेही घाला. आयुष्यात एकदा तरी ऐकू दे मला." बाबांनी तेही बोलून दिले, तोंड वाकडे करून का होईना. अकराव्या दिवशी आकडा चारशे बारावर थांबला.

ते ॲप मी बांधले, याचा मला अभिमान आहे. पण मित्रांनो, ॲप बांधणे एकट्या लॅपटॉपचे काम नसते. कोड लिहायचे सॉफ्टवेअर लागते. त्या कोडचे ॲप बांधणारे बिल्ड टूल लागते. त्या दोघांची गाठ घालणारे प्लगइन लागते. शिवाय दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे लागतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. यातल्या प्रत्येकाचे व्हर्जन असते, आणि सगळी व्हर्जन एकमेकांशी नांदणारी असली तरच ॲप उभे राहते. माझ्या पोटात त्या दिवसांत सगळ्यांचे छान पटत होते. कोणाचे कोणाशी पटते, ते मात्र थोरलीने कुठे लिहून ठेवले नाही. चालत होते, मग लिहायचे कशाला? आणखी एक चूक झाली. आवाज वाजवणाऱ्या लायब्ररीने सगळी वाक्ये आपल्या पद्धतीने एका फाइलमध्ये गच्च बांधून ठेवली होती. माझ्यात जागा कमी होती, म्हणून थोरलीने मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकली. त्या गाठोड्याची गाठ आता फक्त त्या लायब्ररीलाच सोडता येत होती.

ऑपरेशननंतर बाबा फोन गळ्यात अडकवून पुन्हा बाजारात जाऊ लागले. पुकारणे त्यांनी सोडले, पण वजनावरून भांडण झाले की लोक त्यांनाच बोलावत. बाबांचा अंगठा बटणांवर इतका बसला होता, की न बघता ते वाक्यामागून वाक्य वाजवत. मी मात्र मागे पडलो. थोरलीला ऑफिसचा नवा लॅपटॉप मिळाला आणि मी कपाटात, जाड पांघरुणांखाली, बिघडलेल्या इस्त्रीशेजारी जाऊन पडलो. सहा वर्षे. त्या काळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

मग बाबांचा फोन म्हातारा झाला. पडद्याचा वरचा बोटभर पट्टा मेला. तिथे दाबले तरी काही होईना. त्या पट्ट्यात 'हो', 'नाही' आणि 'थांब' होते. बाबा मान हलवून निभावू लागले. महिन्याभरात खालची ओळ गेली. 'पाणी दे' गेले, 'दुखतंय' गेले. दुरुस्तीवाला म्हणाला, "या फोनचे पडदे आता बनतच नाहीत." नवा फोन आणला, तर तो ॲप घेईना. ॲप फार जुन्या व्हर्जनसाठी बांधलेले आहे, एवढे सांगून तो मोकळा झाला.

धाकट्याने नव्या फोनवर एक तयार ॲप टाकून दिले. लिहिले की ते वाचून दाखवत असे, गोड आणि गुळगुळीत आवाजात. बाबांनी एक वाक्य ऐकले आणि पाटीवर लिहिले, 'हा कोण माणूस?' फोन उलटा करून ठेवला. त्यानंतर ते बाजारात जाईनासे झाले.

थोरलीने जुना कोड आपल्या नव्या लॅपटॉपवर उघडला. सॉफ्टवेअरने विचारले, सगळे अपग्रेड करू का? तिने हो म्हटले आणि एकसष्ट एरर समोर आले. एक सोडवला की चार नवे. त्यात ती आवाजाची लायब्ररी जिथून उतरवायची, ते इंटरनेटवरचे कोठारच बंद झाले होते. पंधरा दिवस ती रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी दीड तास बसे आणि कपाळ चोळत उठे.

एका सकाळी तिने हात थांबवले. आईला म्हणाली, "मी वरून खाली येतेय, तेच चुकतंय. हे शेवटचं जिथे नीट चाललं होतं, तिथून सुरुवात करायला हवी."

"म्हणजे कुठून?"

"पांघरुणं कुठल्या कपाटात आहेत?"

मी प्रकाश पाहिला तो असा.

मी जागा झालो खरा, पण बिल्ड पहिल्याच पायरीवर अडले. सुरक्षा प्रमाणपत्र चुकीचे आहे, असा एरर मी दाखवू लागलो. थोरलीने त्यावर तीन सकाळी घालवल्या, व्हर्जन तपासली, सेटिंग बदलली. चौथ्या दिवशी धाकटा चहा घेऊन आला आणि माझ्या कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाला, "ताई, याची तारीख बघ. हा अजून तुझ्या जन्माच्या आधी आहे." माझ्या आतल्या घड्याळाचा सेल संपला होता, आणि प्रमाणपत्राची मुदत तारखेवरूनच तपासली जाते. सेल बदलला, तारीख बरोबर केली, आणि ते ॲप माझ्यात पूर्वीसारखेच बांधून झाले. मित्रांनो, एरर बोट एकीकडे दाखवतो आणि दुखणे भलतीकडे असते, हे मी या घरात पहिल्यांदा तेव्हा पाहिले.

थोरलीने माझे पोट उघडून पाहिले. हरवलेली लायब्ररी तिथे एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये होती, जशी उतरवली होती तशीच. ती सगळ्यांना म्हणाली, "उद्या मोठी हार्ड डिस्क आणते आणि हे सगळं उतरवून घेते. तोवर याला कोणी हात लावायचा नाही." आणि ती कामावर गेली.

धाकटा स्वभावाने मदतीला धावणारा. दुपारी तो माझ्यासमोर बसला, माझा कण्हणारा पंखा ऐकला आणि त्याला माझी कीव आली. त्याने साफसफाईचे एक सॉफ्टवेअर चालवले. त्या सॉफ्टवेअरने यादी काढली, 'अनावश्यक फाइली, पुसून टाकायच्या का?' त्या यादीत तो फोल्डर होता. माझ्या पडद्यावर ते स्पष्ट लिहिलेले होते, पण मला ओरडता येत नाही. धाकट्याने माउस हलवला.

बाबा समोरच्या खुर्चीत होते. ते ताडकन उठले. गळ्यातल्या जुन्या फोनवर अंगठा सवयीने वरच्या ओळीत 'थांब'वर गेला. तिथे काहीच वाजले नाही. त्यांनी पडदा सरकवून बाजारातली वाक्ये आणली, आणि घर दणाणून गेले.

"माल उचलू नको!"

धाकट्याचा हात हवेतच राहिला. बाबांनी लगेच दुसरे बटण दाबले.

"बोली संपली."

"बरं, बरं," धाकटा म्हणाला आणि त्याने माझ्या पडद्यावरची ती यादी हळूच बंद केली. "मी फक्त त्याला हलकं करत होतो." आई स्वयंपाकघरातून आली, दोघांकडे पाहिले आणि माझ्यावर एक टॉवेल टाकून गेली. संध्याकाळी थोरली आली तेव्हा मी अजून टॉवेलखाली होतो. तिने ऐकले, भावाकडे नुसते पाहिले आणि कपडेही न बदलता माझे पोट डिस्कवर उतरवायला घेतले.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. तिने एक वही घेतली. नियम एकच केला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बिल्ड टूल एक पायरी वर न्यायचे, ॲप बांधायचे, चालवून बघायचे, वहीत लिहायचे, प्रत जपून ठेवायची. मग प्लगइन एक पायरी. मग पुन्हा बिल्ड टूल. हे ती नव्या लॅपटॉपवर करत होती आणि मी शेजारी उघडा असे. काही बिघडले की ती माझ्याकडे वळून बघे, मूळचे कसे होते ते. एकदा धाकटा म्हणाला, "ताई, अशाने पावसाळा येईल."

"येऊ दे. उड्या मारून पंधरा दिवस घालवले, आता पायऱ्या चढते."

पायऱ्या अकरा झाल्या. सहाव्या पायरीवर ती दोनदा पडली, कारण तिथे बिल्ड टूलला प्रोग्रामिंगच्या भाषेचा जुना संच चालत नव्हता आणि प्लगइनला नवा. शेवटी त्या दोघांनाही चालेल असे एकच मधले व्हर्जन निघाले. तिने वहीत त्याभोवती चौकट काढली. अकराव्या पायरीनंतर नव्या फोनने ॲप घेतले. सगळे जमले. बाबांनी ॲप उघडले, आणि ते लगेच मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. बाबांनी फोन टेबलावर ठेवला आणि थोरलीच्या डोक्यावर हात ठेवून आत गेले.

त्या सकाळी ती ऑफिसला उशिरा गेली. ॲप का मिटते, ते तिला सापडले होते. आवाजाच्या लायब्ररीचा गाभा जुन्या पद्धतीच्या फोनसाठीच बनलेला होता. नव्या फोनला ती भाषाच येत नव्हती, आणि लायब्ररी बनवणाऱ्यांनी ते काम केव्हाच सोडून दिले होते.

"म्हणजे संपलं?" आईने विचारले.

"नाही. लायब्ररी वर येऊ शकत नाही, पण वाक्यं येऊ शकतात. ती जिथे चालते तिथेच तिच्याकडून गाठोडं सोडवून घ्यायचं. वाक्यं सुटी झाली की ती कुठलाही फोन वाजवेल." आणि तिने माझ्याकडे पाहिले. जुन्या फोनची नक्कल करणारे सॉफ्टवेअर माझ्यात अजून होते, आणि त्यात ती लायब्ररी चालत होती.

रविवारी सकाळी आठला मी कामाला लागलो. एकेक वाक्य त्या गाठोड्यातून बाहेर काढायचे, साध्या आवाजाच्या फाइलमध्ये ओतायचे, डिस्कवर ठेवायचे. माझा पंखा फडफडत होता, तळ तापत होता. दोनशे सत्याऐंशीव्या वाक्याला मी गरम होऊन बंद पडलो. थोरलीने मला उलटे करून निवू दिले, चार पेल्यांवर आडवे ठेवले आणि टेबलफॅन लावला. आई वायरीजवळ स्टूल घेऊन बसली, म्हणजे कोणाचा पाय अडकायला नको. मी दोनशे अठ्ठ्याऐंशीपासून पुन्हा सुरू केले. मित्रांनो, मी तरुणपणी मोठमोठी कामे चुटकीसरशी केली, पण त्या दिवसासारखे काम मी कधी केले नाही. दुपारी तीनला चारशे अकरा वाक्ये बाहेर होती. एक वाक्य मात्र सापडलेच नाही. त्या जागची माहिती माझ्या डिस्कवर खराब झाली होती, आणि जुन्या फोनवर ते बटण मेलेल्या ओळीत होते. ते वाक्य होते, 'दार लाव'.

"'दार लाव' तेवढं एक राहिलं," थोरली हळू आवाजात म्हणाली.

"दार मी लावीन," आई म्हणाली. "त्यात काय एवढं?"

पुढच्या चार सकाळींत थोरलीने सुटी वाक्ये नव्या ॲपमध्ये, जुन्याच जागी, जुन्याच क्रमाने बसवली. गुरुवारी तिने फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी नेला नाही, समोर धरला. अंगठा वरच्या ओळीत गेला, जिथे इतके महिने काही वाजत नव्हते. "हो," फोन म्हणाला. बाबांनी पुन्हा दाबले. "हो." मग त्यांनी पायात चपला सरकवल्या, फोन गळ्यात अडकवला आणि बाजारात निघून गेले. दार उघडेच राहिले. आईने ते लावले.

थोरलीने वहीतले ते पान, कोणाचे कोणाशी पटते ते, स्वच्छ अक्षरात उतरवले आणि माझ्या झाकणावर आतून चिकटवले. वाक्यांच्या तीन प्रती केल्या आणि तीन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मला सुरू करते, एकदा ॲप बांधून बघते आणि पंख्यावरची धूळ पुसते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणीतरी कपाटात असेल. त्याला फेकण्याआधी एकदा उघडा आणि त्याच्या पोटात काय आहे ते बघा. आणि तुमचे जे आज नीट चालले आहे, ते कशाकशाच्या जोरावर चालले आहे, ते आजच लिहून ठेवा. उद्या कोणाला तरी तिथूनच सुरुवात करावी लागेल.